बायकोवर लक्ष ठेवायला

डॉक्टरांनी मला हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं आणि मी ते पुढे ढकलत होतो. सोसायटीची कामं पडलीत, ती झाली की बघू, असं घरात सांगत होतो. त्याच सुमारास बायको बुधवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर जायला लागली.

तिथे एक निवृत्त शिक्षिका राहतात, मूळच्या मढ बेटावरच्या, ख्रिस्ती. त्यांच्याकडे पाच-सहा जण जमतात, येशूची एखादी गोष्ट वाचतात आणि ज्याला जे खटकेल ते तो विचारतो. घरातले देव, गावचा गणपती सोडून ही बाटणार की काय? विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मीही जाऊन बसू लागलो.

एकदा लुळ्या माणसाची गोष्ट होती. गर्दीतून वाट मिळेना, तेव्हा चौघांनी छत उघडून त्याला खाटेसकट येशूसमोर उतरवलं.

"छत नंतर दुरुस्त कोणी केलं?" मी विचारलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. गच्ची गळायला लागली की काय महाभारत होतं ते मला ठाऊक.

"ते लिहिलेलं नाही हो," बाई हसल्या. "पण प्रश्न झकास आहे."

मला पटवायला कोणी आलंच नाही. भांडायच्या तयारीने गेलो होतो, त्यामुळे चिडचिडच झाली.

शेवटी ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याचं नाव घ्यायचं, अशी तिथली रीत. बायको एरवी गप्प बसायची. त्या दिवशी तिने माझं नाव घेतलं, आडनावासकट. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी मी कायम "अहो" नाहीतर "आमचे हे".

"त्यांना ऑपरेशनची भीती वाटते," ती म्हणाली. "कामाच्या सबबी सांगतात. घरी मी बोलले तर खेकसतात, म्हणून इथे सांगते."

सगळ्यांनी डोळे मिटले. मला राग यायला हवा होता, पण रडू येत होतं.

जिन्यात मी म्हणालो, "चारचौघांत माझं नाव घेतलंस?"

"मग? नुसतं हे म्हटलं तर कुणाचे हे, देवाला काय कळणार?"

"आणि तू बाटणार वगैरे नाहीस ना?"

"तुम्ही आधी जगा," ती म्हणाली. "मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर मी आधी ऑपरेशनची तारीख घेतली.