ओमाला सांगायचं कुणी?

ऑकलंडजवळच्या पापाकुऱ्यातल्या मुलीच्या घरातून नाताळापुरतं मला बाहेर पाठवण्यात आलं, असंच म्हणायला हवं. मानसी बाळंत होऊन तीन आठवडे झाले होते. बायको, मुलगी आणि नात या तिघींचा दिवस तेल, शेक, दूध आणि झोप यांनी भरलेला असे. जावई रजेवर होता. माझ्याकडे एकच काम उरलं होतं, दाराशी आलेली पार्सलं आत घेणं. अशात मानसीच्या ऑफिसातल्या रायनरचा फोन आला. तिच्या वडिलांना जर्मन येतं, हे त्याला कुठूनसं कळलं होतं. नाताळात त्यांना आमच्याकडे पाठव, माझ्या आईला कुणाशी तरी जर्मन बोलायला मिळेल, असं तो म्हणाला.

"बाबा, जा ना," मानसी म्हणाली. "एवढी वर्षं जर्मन केलंस, जर्मन माणसांचा नाताळ कधी बघितलायस?"

नव्हता बघितला. चिंचवडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मी जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं केली, पण जर्मनीत कधी पाऊल टाकलं नाही. माझं जर्मन वंगणाचं, नटबोल्टांचं आणि धोक्याच्या सूचनांचं. त्यात कुणी कुणाची ख्यालीखुशाली विचारत नाही.

तेवीस तारखेला सकाळी रायनर गाडी घेऊन आला. साठीकडे झुकलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. पापाकुरा सोडल्यावर थोड्याच वेळात रस्त्यावर 'बॉम्बे' अशी पाटी दिसली. गाव म्हणजे टेकडीवरची तांबडी माती आणि कांद्याची शेतं. मी फोटो काढला. पुढे सपाट गवताळ प्रदेश, गायी, पुन्हा गायी. थेम्स गाव मागे पडलं आणि डाव्या हाताला समुद्र आला. तिथून रस्ता इतका वळणावळणाचा झाला, की किनाऱ्यावरची पोहुतुकावाची झाडं (आपल्या पांगाऱ्यासारखी लालभडक फुलणारी, नाताळातच बहरणारी) मला फार काळ पाहता आली नाहीत. दोनदा गाडी थांबवावी लागली. दुसऱ्या वेळी एका डेअरीपाशी थांबलो. डेअरी म्हणजे दूधकेंद्र नव्हे, इथे कोपऱ्यावरच्या लहान दुकानाला तसं म्हणतात. गल्ल्यावरच्या बाईने "किआ ओरा" (इथला माओरी नमस्कार) म्हणून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारताच आल्याच्या बिस्किटांचा पुडा पुढे केला.

"या रस्त्यावर सगळ्यांना गाडी लागते," ती म्हणाली. "चावत राहा, बोलू नका."

रायनरलाही ते सोयीचं असावं. घर येईपर्यंत आम्ही कुणीच बोललो नाही.

घर लाकडी, पत्र्याच्या छपराचं. मागे प्लमची सहा-सात झाडं, पुढे उतार आणि खाली खाडी. रायनरची बायको कॅरन दारात उभी होती. ती इथलीच, जर्मन नव्हे. पायांत जँडल्स (आपल्या रबरी स्लिपरा), हातात धुतलेल्या चादरींची बादली. "हात मिळवत नाही, ओले आहेत," म्हणत तिने मला आत घेतलं.

रायनरची आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. तिला घरात सगळे ओमा (आजी) म्हणत. चार वर्षांच्या रायनरला घेऊन ती नवऱ्याबरोबर बोटीने या देशात आली. पन्नास वर्षं उत्तम इंग्रजी बोलली, गावच्या वाचनालयात कामही केलं. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला, उजवी बाजू लुळी पडली आणि इंग्रजी साफ गेलं. जर्मन तेवढं राहिलं. रायनरची पंचाईत अशी, की तो लहानपणी आईचं जर्मन ऐके आणि उत्तर इंग्रजीत देई. त्यामुळे त्याला कळायचं बरंच, पण बोलता यायचं पाच वर्षांच्या मुलाइतकं. भूक लागली का, झोप आली का, बाहेर जाऊ या का. कॅरनला तर तेवढंही येत नव्हतं.

"हेर पान्से," ओमाने डावा हात पुढे केला. जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत. मराठी कानाला ते चमत्कारिक लागतं. मी कुणाच्या घरात टेहळणीला आल्यासारखं वाटलं.

प्रवासात जुळवून ठेवलेली दोन-तीन वाक्यं मी बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, "तुम्ही फार शुद्ध बोलता. नगरपालिकेची नोटीस आल्यासारखं वाटतं." आणि अर्ध्या चेहऱ्याने हसली. त्यानंतर ती तासभर बोलत होती. लहानपणीचं गाव, बोटीवरचं जेवण, इथला पहिला हिवाळा. मला निम्म्याहून थोडं अधिक कळलं. रायनर दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता.

जर्मन लोकांचा नाताळ चोवीस तारखेच्या संध्याकाळी असतो. त्या संध्याकाळला हायलिगआबेंड म्हणतात. इथे मात्र तो भर उन्हाळा. रात्रीचे साडेआठ वाजले तरी लख्ख उजेड. ओमाला झाडावर खऱ्याच मेणबत्त्या हव्या असायच्या आणि मेणबत्त्यांना अंधार हवा. म्हणून कॅरनने सगळ्या खिडक्यांना गोधड्या लावल्या. कापून आणलेल्या पाइनच्या फांदीवर बारा मेणबत्त्या आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली. आत उकाडा, घामाच्या धारा, मेणाचा आणि चिकाचा वास. ओमा एक जुनं गाणं म्हणाली. रायनरला चाल सगळी येत होती, शब्द निम्मे. जिथे शब्द नसत तिथे तो नुसता गुणगुणायचा.

जेवण अगदी साधं. नाताळ म्हणजे पंचपक्वान्नं असतील ही माझी कल्पना. प्रत्यक्षात कार्टोफेलझालाट (मोहरी, व्हिनेगर आणि डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेलं उकडलेल्या बटाट्यांचं सॅलड) आणि उकडलेले सॉसेज. माझ्यासाठी कॅरनने डुकराच्या मांसाशिवायचं सॅलड वेगळं काढलं होतं, सोबत दोन अंडी. ते झाल्यावर तिने ओमाला भरवलं, मग तिला उचलून खुर्चीतून पलंगावर नेलं आणि मग उभ्याउभ्या स्वतः खाल्लं.

पंचवीस तारीख कॅरनच्या पद्धतीची. खाडीवर सगळे शेजारी जमले, पोरं टॉग्ज (पोहण्याचे कपडे) घालून पाण्यात, मोठी माणसं बार्बेक्यूभोवती. पाव्हलोव्हा नावाचा अंड्याच्या पांढऱ्याचा, फेसासारखा गोड पदार्थ मी दोनदा घेतला. ओमा घरी झोपली होती, कॅरन तिच्याजवळ थांबली होती. रायनर मला वाळूवर जरा लांब घेऊन गेला.

"हॅमिल्टनला एक वृद्धाश्रम आहे," तो म्हणाला. "आईसाठी तिथे खोली मिळालीय. तीन जानेवारीपासून."

"आईंना माहीत आहे?"

"नाही. मी तीनदा सांगायला गेलो. प्रत्येक वेळी तिला वाटलं, मी फिरायला जाऊ या म्हणतोय. तिने टोपी मागितली." तो समुद्राकडे पाहत होता. "तुम्ही सांगाल का?"

म्हणजे नाताळ हे निमित्त होतं. मला राग आला, हे कबूल करतो. दोन दिवसांच्या ओळखीच्या म्हाताऱ्या बाईला घराबाहेर काढण्याची बातमी मी द्यायची! पण नाही म्हणालो असतो तर ती तीन तारखेला टोपी घालून गाडीत बसली असती. मी एक अट घातली. वाक्यं त्याची हवीत आणि तो समोर बसलेला हवा. मी फक्त भाषांतर करीन.

सव्वीसला सकाळी, न्याहारी झाल्यावर, आम्ही ओमाच्या खोलीत बसलो. कॅरन चादर घडी करत भिंतीशी उभी होती. रायनर इंग्रजीत एक वाक्य बोलायचा, मी ते जर्मनमध्ये सांगायचो. तुझी काळजी घेणं आता घरी जमत नाही. हॅमिल्टनला चांगली जागा आहे. तीन जानेवारीपासून तुझी तिथे व्यवस्था केली आहे. 'व्यवस्था' या अर्थी जो शब्द मला सुचला तो आमच्या पुस्तकांत अवजारांसाठी यायचा. अमुक पाना तमुक कप्प्यात ठेवलेला आहे, तसा.

ओमाने माझ्याकडे पाहिलं. "कपाटात ठेवणार का मला, हेर पान्से?"

मी माफी मागितली. तिने हात हलवून ती बाजूला सारली. "मला ऑक्टोबरपासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "कॅरन माझी कपड्यांची पेटी मापत होती. याला विचारा, मला हे सांगायला परका माणूस का आणला?"

 हे वाक्य थोडं मऊ करता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण एकतीस वर्षांत मी समोरच्या मजकुरात पदरचं काही घातलं नाही की काढलं नाही. होतं तसंच सांगितलं.

खरं तर रायनरला ते आधीच कळलेलं दिसत होतं. तो लाल झाला. मग तो जर्मनमध्ये बोलू लागला, माझ्याकडे न पाहता. "मामा (म्हणजे आई), मी घाबरलो. मी शब्द नाही. मी वाईट मुलगा." व्याकरण सगळं मोडलेलं. ओमाने त्याचा हात धरला आणि त्याचं एक क्रियापद दुरुस्त केलं. त्याने ते पुन्हा म्हटलं, या वेळी बरोबर.

शेवटी ती म्हणाली, "जाईन मी. पण प्लम उतरून झाल्यावर. ही झाडं मी लावलीत." मी भाषांतर करायच्या आतच रायनर "या, मामा" (हो, आई) म्हणाला होता. दोघंही रडत होते. मी उठून बाहेर आलो. काम चांगलं झालं असं मला वाटलं आणि त्या दिवशी मी बराच खुशीत होतो. दुपारी खाडीच्या कडेने एकटाच लांबवर फिरून आलो, शिंपले गोळा केले.

सत्तावीसला रायनरने वृद्धाश्रमात फोन केला. प्लम उतरून होईपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, खोली राखून ठेवणं त्यांना शक्य नव्हतं. यादीत पुढचं नाव होतं, खोली त्यांना गेली. आता पुन्हा कधी मिळेल ते सांगता येत नाही, कदाचित हिवाळ्यात, म्हणजे जूनमध्ये. "स्वीट ॲज (इथल्या बोलीत 'काही हरकत नाही'), काहीतरी निघेल," रायनर म्हणाला. मला तर तो सुटल्यासारखा दिसला. आईजवळ बसून तो एका जुन्या पुस्तकातले जर्मन शब्द विचारत होता.

म्हणून अठ्ठावीसला परतीच्या प्रवासात गाडी कॅरनने चालवली. ती सावकाश चालवायची, त्यामुळे मला या वेळी काही त्रास झाला नाही आणि लाल फुलांचा तो सगळा किनारा नीट पाहता आला. एका वळणावर समोरून ट्रक आला. त्याला वाट द्यायला ती थांबली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली.

"जून," ती म्हणाली. "मी रोज तिला सहा वेळा उचलते. पहाटेपासून. रायनर सात वाजता ऑकलंडला निघतो, तो शनिवार-रविवारचा मुलगा आहे. ती खोली शोधायला मला आठ महिने लागले होते."

"तुम्ही त्या दिवशी काहीच बोलला नाहीत," मी म्हणालो.

"मला कुणी विचारलं नाही."

हे खरं होतं. त्या खोलीत जे जे बोललं गेलं, ते मी शब्दन्‌शब्द इकडून तिकडे नेलं होतं आणि त्यावर खूश होतो. भिंतीशी चौथं माणूस उभं होतं, हे मी पाहिलं होतं. त्याचं काही म्हणणं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

थेम्स जवळ आल्यावर तिने विचारलं, "मी दमलेय, हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं?"

"इश बिन म्यूडे."

तिने म्हणून पाहिलं. शेवटचा शब्द जमत नव्हता. ओठांचा चंबू करून मी तो दाखवला, तिला हसू आलं, मग जमला. गायींचा तो सपाट मुलूख ओलांडेपर्यंत ती अधूनमधून म्हणत राहिली, कधी हळू, कधी रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मानसीच्या दारात मला उतरवून तिने गाडी वळवली. चहाला थांबायला तिला वेळ नव्हता. काच वर होती, तरी ओठ हलताना मला दिसले.