करवत आणि तिची जाड तार

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा आणि पहिलं भांडण पाचला. डबा भरून ती लाँड्रीत यायची आणि वाफ पुरेशी चढली नाही म्हणून माझ्यावर खेकसायची. बॉयलर माझ्याकडे होता. वाफ चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. हे मी तिला कितीदा सांगितलं, पण ऐकेल ती कसली.

आम्ही हॉटेलांच्या चादरी धुवायचो. ती मोठ्या इस्त्रीच्या रोलरवर होती. ओलसर चादर दोन्ही कोपऱ्यांना सारखी ताणून रोलरच्या तोंडात द्यावी लागते. एक कोपरा सैल राहिला की चादर चुरगळून बाहेर येते आणि पुन्हा धुवावी लागते. तिच्या हातची चुरगळलेली चादर मी पाहिली नाही. बाकी तिच्याबद्दल चांगलं बोलावं असं फार काही नव्हतं. आम्ही तिला करवत म्हणायचो. पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

करवत बेस गिटार वाजवायची. गाण्याच्या तळाशी जो खर्ज चालतो तो. बेस गिटारला सहसा चार तारा असतात, हिच्या गिटारला सहा होत्या. एका बाजूला एक बारीक तार जादा, दुसऱ्या बाजूला एक जाड. तिच्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, वाद्यवृंद होता. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांचे समारंभ. नवऱ्याचं घर सोडून ती आली तेव्हा दादाने तिला वाद्यवृंदात घेतलं. ते उपकार तो येता-जाता बोलून दाखवायचा.

ती जाड तार नीट बोलत नव्हती. घरी ठीक, सभागृहात नुसती गुरगुर. दादाने तालमीत सगळ्यांसमोर सुनावलं, "तुझ्या बोटांत जोर राहिला नाही. चादरी ओढून ओढून हात गेले." शेजारी वहिनीचा भाऊ कीबोर्ड घेऊन बसला होता. खर्ज काय, तो डाव्या हाताने काढील, असं वहिनीचं म्हणणं. "रविवारी ती तार स्वच्छ वाजली नाही, तर तू घरी बस," दादा म्हणाला.

हे तिने मला बॉयलरच्या खोलीत सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडली. जणू दादा मीच होतो.

"मग मी काय करू?" मी म्हणालो.

"काका, तुमच्याकडे स्कूटर आहे. वाद्यांच्या दुकानात चला."

वाटेत माझ्या कानाशी ओरडून तिने कारण सांगितलं. इतक्या खालच्या सुरात लावलेली तार हवी तेवढी जाड नसेल तर सैल पडते, गिटारच्या मानेवर आपटते आणि गुरगुरते. जाड घेतली की तोच सूर लावायला जास्त ताणावी लागते. ताण आला की आवाज मोकळा होतो. बाकीच्या पाच तारांना ती हात लावणार नव्हती. बोटांना त्यांची सवय होती आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

दुकानदाराने मोबाइलमधून मान वर काढली नाही. "हा सेट न्या. सगळे हाच नेतात."

"सगळे माझी गिटार वाजवतात का?"

"ताई, सहा तारांचाच आहे."

"यातली खालच्या सुराची तार बारीक आहे. मला सुटी तार हवी, हिच्याहून जाड. आणि लांब. माझ्या गिटारला तार पाठीतून ओवावी लागते."

"आहे एक. पण पाकीट फोडायचं नाही."

"मग लांबी काय तुमच्या तोंडावर बघून ओळखू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही तरी समजवा."

"मी स्कूटरवाला आहे," मी म्हणालो.

पाकीट फुटलं. घरून गिटारच्या मापाची सुतळी कापून आणली होती, ती तिने तारेला लावून बघितली. पुरत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती गिटार घेऊन माझ्या खोलीत आली. मानेच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते, तिच्यात प्रत्येक तारेसाठी एक खाच. नवी तार खाचेत बसेना. मी बारीक गोल कानस दिली. थोडं घासायचं, तार ठेवून बघायची, पुन्हा थोडं घासायचं. खाच खोल गेली की पट्टीच बदलावी लागते. मी चूक शोधत बसलो होतो. सापडली नाही.

तेवढ्यात दादाचा फोन आला. "रविवारची गाणी वहिनीच्या भावाला दिलीयत. तू तारांवर उगाच पैसे घालवू नकोस."

"गाणी दिलीस, डोकं कोण देणार त्याला?" म्हणून तिने फोन आपटला, कटर उचललं आणि तारेचं जास्तीचं टोक कापलं.

अशा तारेच्या आत एक पोलादी तार असते आणि तिच्याभोवती दुसरी घट्ट गुंडाळलेली. टोक आधी काटकोनात वाकवायचं, मग कापायचं, म्हणजे गुंडाळी त्या वाकणात अडकून राहते. आधी कापलं तर गुंडाळी सुटते आणि तार मरते. वाद्यवृंदातल्या पोरांना हे तिनेच शिव्या घालून शिकवलं होतं. आणि रागाच्या भरात तीच चुकली.

तिने तार चढवली, वाजवली. भिजलेल्या गादीवर काठी मारावी तसा आवाज.

मी हसलो. तिने कटर भिंतीवर फेकलं. माझं कटर.

"उचल," मी म्हणालो.

तिने उचललं.

शनिवारी पुन्हा दुकान. त्या जाडीची एकच तार उरली होती, दुसऱ्या बनावटीची. सुतळीपेक्षा चार बोटं आखूड. काय झालं ते ऐकून दुकानदाराला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "आधी कापलीत? तुम्ही? अरेरे."

  आखूड तार तिने पुन्हा सुतळीला लावून बघितली. मग म्हणाली, "पाच पाठीतून जातील. ही एकटी घोडीच्या मागच्या भोकातून ओवते. तेवढी पुरेल." घोडी म्हणजे गिटारच्या पोटावरची, तारा टेकतात ती पट्टी; तिथून ओवली की पाठीपर्यंतची लांबी वाचते.

"ताई, दिसायला बरं नाही दिसणार."

"मला ऐकायचीय. बघायची तर तुम्ही बघा."

या वेळी तिने आधी वाकवली.

रविवारी सकाळी कुठल्याशा कंपनीचा समारंभ होता. सामान उचलायला तिने मला नेलं. लोक यायच्या आधी तिने जाड तार छेडली. पायाखालची फळी थरथरली आणि सूर स्वच्छ आला, गुरगुर अजिबात नाही. वहिनीचा भाऊ कीबोर्डच्या वायरी सोडवत राहिला. दादाने गाण्यांचा कागद त्याच्यासमोरून उचलून तिच्यासमोर ठेवला.

तिसऱ्या गाण्यात खर्ज एकदम दबला. तार तीच, हात तोच. पण स्पीकर दादाचा होता, त्याच्या पायाशी होता, आणि त्याने आवाजाचं बटण खाली केलं होतं. तिने पाहिलं. जाड तार मोकळी छेडून सोडली, तार घुमत होती तेवढ्यात ती दादापर्यंत गेली, वाकून बटण पार वर केलं आणि पुढच्या ठेक्याला परत तारांवर आली. एकही ठेका चुकला नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाने कानावर हात ठेवला.

पडद्यामागे दादा दात खात उभा होता. "वाजली तार. जागा तुझी. पण माझ्या स्पीकरला पुन्हा हात लावलास तर तोडून ठेवीन."

"हात का स्पीकर?"

"दोन्ही."

"मग पुन्हा वाटेल तेव्हा माझा आवाज दाबशील. जागा दिलीस काय आणि न दिलीस काय."

सोमवारपासून तिने दुपारची पाळीही मागून घेतली. भर उन्हाळ्यात रोलरजवळ कुणी दोन पाळ्या उभं राहत नाही. ती राहिली. मनगटांवर भाजल्याचे डाग पडले, पाय सुजले, तरी चादरी सरळच निघत होत्या. माझ्यावर दुप्पट खेकसली, कारण आता वाफही दोनदा हवी होती. तालमीला जायची, वाजवायची, दादाशी एक शब्द बोलायची नाही. तोही बोलायचा नाही.

पाऊस संपता संपता त्या पगारातून तिचा स्वतःचा स्पीकर आला. काळा, कमरेएवढा, बटण वरच्या बाजूला. सभागृहाच्या जिन्यावरून तो आम्ही दोघांनी चढवला. दादा वर उभा राहून बघत होता. हात लावायला आला नाही.

"काका, नीट धरा," ती म्हणाली. "भिंतीला घासला ना, तर बघा."