मामांचा आठवा बोल्ट

माझ्या बायकोच्या मामांइतका सावकाश माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला असणार. छत्तीस वर्षं एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन आता बारा वर्षं झाली, पण विश्रांतवाडीतल्या त्यांच्या घरातल्या एकाही स्क्रूला अजून निवृत्ती मिळालेली नाही. पंखा कुरकुरायला लागला की तुम्ही-आम्ही इलेक्ट्रिशियनला फोन करू. मामा पंख्याखाली खुर्ची टाकून अर्धा तास नुसते ऐकत बसतात, मग उठून नेमका एक स्क्रू पिळतात आणि पंखा गप्प होतो. आमच्या लग्नात स्टेजवर चढण्याआधी त्यांनी खाली वाकून स्टेजचे नटबोल्ट तपासले होते. त्यातले दोन खिशातल्या पान्यानं आवळले आणि मगच आशीर्वाद द्यायला वर आले. माझ्या आईला ते विचित्र वाटलं. मला मात्र हा माणूस तिथल्या तिथे आवडून गेला.

मी कोथरूडला राहतो, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, आणि पंचेचाळिशीत मला डोंगरात गाडी घालायची हुक्की आली. जुनी जीप घेतली, चकचकीत बंपर घेतला आणि त्यावर लावायला विंच मागवला. विंच म्हणजे गाडीच्या तोंडाशी बसवायचा विजेचा रहाट. चिखलात रुतलात की त्याची तार झाडाला बांधायची आणि गाडीनं स्वतःच स्वतःला ओढून काढायचं. गॅरेजवाला तासाभरात बसवून देणार होता. पण बायको म्हणाली, मामांना दे. मग जरा आवाज उतरवून तिनं सांगितलं, की वर्षभरापासून मामांचा उजवा हात थरथरतो, आणि त्यांच्या मुलीनं हत्यारांची पेटी माळ्यावर टाकून दिली आहे. मामांनी मुलीशी चक्क करार केला: हे एक काम करू दे, त्यात चूक निघाली तर पेटी भंगारात घाल, मी हूं का चूं करणार नाही. मुलीनं होकार दिला आणि गुपचूप मला फोन करून बजावलं, की बोल्ट तुम्ही आवळायचे, बाबांनी फक्त सांगायचं.

पुढचे चार रविवार मी विश्रांतवाडीत उकिडवा बसून काढले. मामा सकाळी विहारातून वंदना करून यायचे, कपडे बदलायचे आणि गाडीभोवती फेऱ्या मारायचे. पहिल्या रविवारी त्यांनी माझ्या चकचकीत बंपरवर बोटानं टकटक केली आणि विचारलं, "हा बंपर आहे, की चिवड्याचा डबा?" विंच त्या पत्र्यावर बसवला तर गाडी चिखलातच राहील आणि बंपर तेवढा झाडाला भेटायला जाईल, असं त्यांचं म्हणणं. ओढ सगळी चासीवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर गेली पाहिजे. म्हणून आधी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माप, मग त्या मापाची बोटभर जाड लोखंडी प्लेट, मग तिला भोकं. गॅसनं भोक पाडणाऱ्याचं ते तोंड बघत नाहीत. भोक ड्रिलनंच, आणि त्याची कड कानशीनं घासून गुळगुळीत. डोक्यावर ताकदीचा आकडा नसलेला बोल्ट त्यांनी आई-बापाचा पत्ता नसल्यासारखा बाजूला ठेवला. रेडिएटरला वारा लागावा म्हणून विंच दोन बोटं खाली घेतला, बॅटरीच्या वायरींना रबरी नळीचे अंगरखे चढवले. मी घाई केली की म्हणत, "जावईबापू, बस चुकतेय का तुमची?"

चौथ्या रविवारी प्लेट चासीवर चढली. आठ बोल्ट. एका कडेनं आवळत जायचे नाहीत, समोरासमोरचे घ्यायचे, एवढं मला तोवर पाठ झालं होतं. ठरावीक जोर लागला की कट् असा आवाज करणारा पाना मी मुद्दाम आणला होता. मामांना तो अजिबात पसंत नव्हता. मनगटाला कळतं ते या कटकट्याला काय कळणार, म्हणाले. तरी सात बोल्ट मी त्यानंच आवळले. आठव्याला त्यांनी माझा हात बाजूला केला, आपला जुना पाना लावला आणि सगळं अंग घालून पिळला. हात थरथरत होता, कपाळावर घाम आला होता. "बसला," म्हणाले. त्यांची पाठ वळल्यावर मला त्यावर माझा पाना एकदा लावून बघता आला असता. पण माझं धाडस झालं नाही, खरंच नाही झालं.

पुढच्या शनिवारी आम्ही खडकवासल्याच्या पलीकडे गेलो. मी, बायको आणि मामा. एका उतारावर जीप पोटापर्यंत चिखलात बसली. गावातले एक आजोबा येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाई निघाली तर ट्रॅक्टर हाय." मामांनी तिकडे लक्षही दिलं नाही. समोरच्या आंब्याच्या झाडाची साल सोलवटू नये म्हणून बुंध्याला रुंद पट्टा बांधला, त्यात तार अडकवली. तार तुटली तर उसळून कुणाला लागू नये म्हणून तिच्यावर भिजवलेलं गोणपाट टाकलं, आणि सगळ्यांना लांब पिटाळलं. मी बटण दाबलं. तार ताणली, जीप कण्हली आणि इंचाइंचानं वर आली. बायकोनं टाळ्या वाजवल्या. आजोबा म्हणाले, लई भारी काम केलंय कुनीतरी.

मामा तोवर पाना घेऊन बंपरखाली शिरले होते. पहिल्या ओढीनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासायचा, हा त्यांचा नियम. सात जागचे हलले नाहीत. आठवा जवळजवळ अर्धा फिरला. त्यांनी तिथेच हात थांबवला. मी घाईघाईनं म्हणालो, मामा, नवं काम आहे, एवढं बसतंच.

"मला फसवू नका," ते म्हणाले. "हा माझा होता."

मग त्यांनी सरकून मला जागा दिली. मी माझा पाना लावला, कट् झालं, त्यांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर त्यांनी स्वतःच मुलीला फोन लावला. काम चुकलं, म्हणाले. सात जावयाचे नीट, एक माझा ढिला. पेटी भंगारात घालू नकोस, जावयाला दे. बायको खिडकीबाहेर बघत होती आणि मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

आता पेटी कोथरूडला आमच्याकडे आहे. मामा रविवारी दोन बस बदलून येतात, पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि मी गाडीखाली शिरतो. परवा एक बोल्ट आवळून मी म्हटलं, मामा, जरा उठून हात लावून बघता का?

"तुम्ही लावलाय ना," ते म्हणाले, "मग बसलाय."

एवढी मोठी शाबासकी मला आजवर कुणी दिलेली नाही. पण खरं सांगू, त्यांनी उठून बघितलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.