चुना सोडला, गोळीही सोडली

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, चादरी विणायच्या मागावर कामाला होते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. एकदा मागापाशीच त्यांना गरगरलं, म्हणून मी दवाखान्यात नेलं. प्रेशर लई चढलेलं.

डॉक्टरांनी आपलं समजावून सांगितलं. "नसांच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. त्यांच्यात कॅल्शियम शिरलं की ते आवळतात. नस अरुंद होते, रक्ताचा दाब वाढतो. मागावरचा धागा जास्त ताणला तर?"

"तुटतोय की," मालक म्हणाले.

"म्हणून गोळी रोज घ्यायची."

"चुन्यात असतंय का वो कॅल्शियम?"

"असतं," डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले.

झालं! तेवढंच यांनी धरलं. घरी येताच चुन्याची डबी फडताळावर. नुसती तंबाखू चघळून तोंड वाकडं करायचे. सासूबाईंनी तर लेकाच्या चहातलं दूधही बंद केलं. शेंगाचटणीतलं मीठ मात्र कुणी कमी केलं नाही.

महिन्याभरात डोकं हलकं झालं. "बघ, चुन्याचंच दुखणं व्हतं."

"अवो, गोळीनं उतरलं असंल."

"लई डॉक्टरीण झालीस गं!"

पुढं एकदा सदरा धुताना खिशात पांढरा चुरा सापडला. सासूबाई ओरडल्या, "चोरून चुना खातोय बघ!" मी जिभेला लावून पाहिला. चुना असता तर जीभ पोळली असती. हा कडू होता. गोळ्यांचाच चुरा. रोज माझ्या हातातून घेतलेल्या गोळ्या खिशात जात होत्या.

विचारलं तर हसले. "बरं वाटतंय, मग कशाला खायची?"

त्याच आठवड्यात कामावरून भर दुपारी घरी आले. मागावर धागा तुटला आणि गाठ मारायला उजव्या हाताची बोटं वळेनात. पुन्हा दवाखाना.

डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, चुना सोडून नसांतलं कॅल्शियम हटत नाही. ते शरीर आपलं आपण आतबाहेर करतं. आणि प्रेशर चढलेलं दरवेळी कळत नाही; त्यानंच हा अर्धांगाचा झटका आला. गोळी का सोडली?"

मालक डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं चोळत बसले.

तेव्हापासून गोळी माझ्यासमोर गिळतात, मग जीभ काढून दाखवतात. संध्याकाळी गाठ मारायचा सराव म्हणून खाटेवर सूत तोडून घेऊन बसतात. तुटलेलं एक टोक मी धरते, दुसरं त्यांच्या हातात. गाठ जमत नाही. सुटली की म्हणतात, "धर की नीट."

मी नीटच धरलेलं असतं. तरी म्हणते, "व्हय, धरते."