कुंकू लागलेलं इंजिन

सोनाळ्याच्या त्या बागाईतदारावर माझा राग का आहे, ते आधी सांगतो.

सातपुड्याच्या पायथ्याला त्याच्या संत्र्याच्या बागा आहेत. बागेतून तलावापर्यंत लहान रुळांवर सहलीची गाडी चालवायची, असं त्याच्या डोक्यात आलं. आणि गाडी पाहिजे ती कोळशावरची, वाफेची. अशी इंजिनं कुठे मिळतील हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. मी मलकापूरचा भंगारवाला. हातगाडीपासून सुरुवात केली. कुठल्या गावात कोणतं लोखंड गंजत पडलं आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. एका बंद पडलेल्या साखर कारखान्यामागे, उसाच्या गाड्या ओढणारी दोन जुनी इंजिनं बाभळीत उभी होती. ती मी शोधली, तिथल्या लोकांशी भांडून भाव मी पाडला, आणि ट्रेलरवर ड्रायव्हरशेजारी बसून ती सोनाळ्यापर्यंत मीच आणली.

उद्घाटनाला त्याने सरपंचापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांना हार घातले. माझ्यापाशी आला तेव्हा हा माईकवर म्हणाला, "आमचे भंगारवालेबी आले हायेत, गाडी जपून ठेवा रे." सगळा मंडप हसला. मी गाडीत बसायला गेलो तर फाटकावरच्या माणसाने तिकीट मागितलं. मी तिथूनच मागे फिरलो आणि पुढची कित्येक वर्षं त्या रस्त्याला गेलो नाही.

गाडी सुरुवातीला चांगली चालली. बुलढाण्याच्या शाळांच्या सहली यायच्या. मग बॉयलर तपासणाऱ्या साहेबांनी दोन्ही इंजिनं नापास केली. आतल्या नळ्या गळत होत्या. मालकाने एक डिझेलचं इंजिन आणलं, त्यावर पत्र्याची खोटी चिमणी बसवली आणि शिट्टीच्या जागी भोंगा लावला. जुनी इंजिनं विकायची ठरली, तेव्हा त्याचा मुनीम माझ्याकडे आला. मालक आला नाही. मी मुनिमाला दमवून दोन्ही इंजिनं घेतली, ती कापायलाच. आणली मी होती, तर मोडीनही मीच, असं मनात होतं.

पहिलं इंजिन आवारात येताच कामाला घेतलं. आमच्याकडे मोठी मशीन तोडायची एक पद्धत आहे. आधी पितळ आणि तांबं काढून खोलीत ठेवायचं. मग नळ्या अख्ख्या ओढून काढायच्या, कारण शेतकरी त्या गोठ्याच्या छपराला नेतात, लोखंड वितळवणाऱ्या भट्टीपेक्षा भाव चांगला मिळतो. उरलेल्या धडाला गॅस कटर लावायचा. कटर चालवतात ते चाचा माझ्या पहिल्या गोडाऊनपासून माझ्याकडे आहेत. मी खुर्ची टाकून समोर बसलो. मला वाटलं होतं, बघताना बरं वाटेल. चिमणी तुटून खाली पडली तेव्हा मी उठून चहाला गेलो आणि तुकडे जालन्याच्या भट्टीकडे रवाना होईपर्यंत त्या कोपऱ्यात फिरकलो नाही.

दुसरं इंजिन आलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी.

आता आमच्या आवारातला एक नियम सांगायला हवा. भंगारात हत्यार कोणतं आणि माल कोणता, याची नेहमी गडबड होते. भंगारात आलेला घण चांगला निघाला तर आम्ही तो वापरायला घेतो, आणि कधी आमचाच घण घाईत वजनकाट्यावर चढून विकला जातो. त्यावरून रोज भांडणं व्हायची. म्हणून मी ठरवून टाकलं: खंडेनवमीला ज्याला हळदकुंकू लागलं ते हत्यार. ते पुढच्या दसऱ्यापर्यंत काट्यावर चढणार नाही आणि त्याला कटर लागणार नाही. ज्याला लागलं नाही तो माल. हा नियम मोडला म्हणून मी एका माणसाला कामावरून काढलंही होतं.

खंडेनवमीच्या सकाळी मी लिलावासाठी खामगावला गेलो होतो. दुपारी परत आलो तर इंजिनाच्या पुढच्या गोल तोंडावर हळदकुंकवाची पाच बोटं आणि चिमणीला झेंडूचा हार. पूजा दरवर्षी माझी बायको करते. मी फाटकातूनच आवाज चढवला आणि काऊन लावलं म्हणून विचारलं.

ती ताट पुसत होती. म्हणाली, "एवढाल्या हातोडीले लावाचं अन् हे एवढं मोठं दारात उभं हाय, त्याले नाई लावाचं? बरं दिसते का?"

तो माल होता, असं मी ओरडलो.

"मंग तशी पाटी लावाची होती," ती म्हणाली आणि ताट घेऊन घरात गेली. हमाल तोंड फिरवून हसत होते.

दसरा झाल्यावर मी चाचांना सांगितलं, कुंकू पुसा आणि कापायला घ्या. जालन्याच्या भट्टीवाल्याला माल देण्याचा शब्द गेला होता. चाचांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला.

"सेठ, कुंकू पुसून माल होत असंल, तं उद्या हे लोकं काटाबी पुसतीन अन् इकून टाकतीन. नियम तुमचा हाय. तोडाचा असंल तं तुमी तोडा." आणि त्यांनी कटर माझ्या हातात दिला.

मी कटर धरून उभा राहिलो. चाचांना बोललो, भट्टीवाल्याला फोनवर बोललो, बायकोच्या माहेरालाही बोललो. मग कटर खाली ठेवला. त्याच वजनाचं दुसरं लोखंड गोळा करून जालन्याला पाठवायला माझी दमछाक झाली. इंजिन कोपऱ्यात उभंच राहिलं. कापसाच्या गाड्या जिनिंग मिलला जाताना त्यांचे ड्रायव्हर थांबून त्याचे फोटो काढत.

दिवाळीनंतर बागाईतदार आला. या खेपेला स्वतः. आधी मलकापुरात सहज आल्याचं सांगत होता, मग खरं बोलला. त्या पत्र्याच्या चिमणीला लोक फसले नव्हते. पोरं आत डोकावून धूर कुठे आहे म्हणून विचारायची. एकदा आलेले दुसऱ्यांदा येत नव्हते. बाहेरगावचा एक बॉयलरचा कारागीर त्याला सापडला होता, पण इंजिन नव्हतं. माझ्याकडे एक शिल्लक असल्याचं त्याने फोटोत पाहिलं होतं. एक गेलं हेही त्याला कळलं होतं.

मी त्याला चहा पाजला आणि उद्घाटनाच्या दिवशी तो माईकवर काय म्हणाला ते विचारलं.

तो खरोखर आठवत बसला. मग म्हणाला, "मले तं आठवतबी नाई, भाऊ. म्हनलो असन."

इतकी वर्षं मी जे उराशी धरून बसलो होतो, ते या माणसाच्या लक्षातही नव्हतं. मला वाटलं, फाटक उघडून त्याला हाकलून द्यावं. तेवढ्यात तो म्हणाला, चला, काट्यावर घ्या, भंगाराच्या भावाने नेतो. तेव्हा मात्र माझं डोकं जागेवर आलं. मी त्याला हार दाखवला. वाळलेला होता, पण होता. आणि चाचांकडून नियम ऐकवला. चाचा शांतपणे म्हणाले, "ते काट्यावर नाई चढत. अख्खं चालवाले न्याचं असंल तं न्या. भाव बैलासारखा होईन."

मग त्याने गळ्यातला दुपट्टा काढून आमच्या हातांवर टाकला. बैलबाजारात भाव असाच होतो, कापडाखाली बोटं दाबून, तोंडाने एक अक्षर न बोलता. तोंडाने बोललो असतो तर दोघांचे आवाज चढले असते आणि सौदा तिथेच मोडला असता. त्याने बोटं दाबली, मी ती झटकून माझी दाबली. त्याचा हात दोनदा बाहेर गेला आणि दोन्ही वेळा परत आला. आठवत नाई म्हणाला त्याबद्दल मी शेवटी एक बोट वाढवलं. तो माझ्याकडे बघत राहिला, पण हात काढला नाही. पहिल्या इंजिनाच्या नळ्या गोठेवाल्यांनी अजून नेल्या नव्हत्या. त्यातल्या चांगल्या निघतील त्या आणि खोलीतलं सगळं पितळ त्याच सौद्यात गेलं. त्याची अट एकच: बॉयलर पुन्हा नापास झाला तर इंजिन मी परत घ्यायचं. परत आलं असतं तर पुढच्या दसऱ्यानंतर ते नक्की कापलं गेलं असतं. दुसऱ्या वर्षी बायकोने कुंकू लावलं नसतं, तेवढी ती मला ओळखते.

बॉयलरच्या तपासणीला मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. आत पाणी गच्च भरलं होतं आणि कारागीर हातपंपाने दाब वाढवत होता. साहेब बॅटरी घेऊन इंजिनाखाली वाकून थेंब शोधत होते. कापलेल्या पहिल्या इंजिनाच्या नळ्या आता याच्या पोटात होत्या. गळली तर त्यातलीच एखादी गळणार, हे मला माहीत होतं. घड्याळाच्या काट्यासारखा दाबाचा काटा वर जाऊन थांबला. साहेबांनी पंप थांबवायला सांगितलं आणि नुसतं काट्याकडे बघत राहिले. मालक घाम पुसत होता. काटा हलला नाही. साहेब हात पुसत उठले आणि पास म्हणाले.

मालक रुळावरच बसला. मीही बसलो, त्याच्यापासून जरा लांब. माझा राग तसा आहेच, कधी तरी तो चारचौघांत काढीन.

सकाळपासून पोटात काही नाही, हे मग लक्षात आलं. सोनाळ्याच्या चौकात हॉटेलात आलुबोंडा आणि रस्सा मागवला. पहिला घास घेतला तोच चाचांचा फोन आला.

"मंग सेठ? इंजिन परत येऊन राह्यलं का?"

"नाई," मी म्हणालो. "नाई येत." आणि आणखी एक प्लेट सांगितली.