पितळेचे ठिगळ

आमची नाव थोरल्या भावाने विकली नव्हती, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मी ते कोणालाही सांगितले नाही.

मुळशी धरणाच्या काठी आमचे घर. पैलतीरी जायला घरची लाकडी नाव होती. उन्हाळ्यात काम नसले की दादा तिच्यात दगड भरून तिला काठाशीच बुडवून ठेवी. कोरडी राहिली तर फळ्या आकसतात, फटी पडतात. एका मे महिन्यात दादा कोळवणला पाहुण्यांकडे गेलेला असताना मी ते दगड काढले आणि मित्रांना नावेतून फिरवले. परतताना वारा समोरून आला. थकून मी ती काठाच्या दूरच्या खाचेत बुडवली. उद्या जागेवर आणू म्हटले, आणि वडिलांच्या धाकाने गेलोच नाही. पुढे पुण्याला निघून गेलो. पाऊस आला, पाणी चढले. दादा नाव शोधत फिरला.

"इकून प्यायलास," वडील त्याला म्हणाले. शेवटपर्यंत त्यांनी त्याच्या हातचे पाणी घेतले नाही.

गेल्या वर्षी दादाही गेला. त्याच्या वर्षश्राद्धानंतर, इतके उन्हाळे टाळलेल्या त्या खाचेत मी उतरलो. मालवणला हौसेने घेतलेला पाण्याचा चष्मा आणि श्वासाची नळी लावून पालथा तरंगत राहिलो. कानात केवळ स्वतःचा श्वास. हिरवट उजेडात आधी नावेचे टोक दिसले, मग गाळात रुतलेली कड. आत दगड, मीच घाईघाईने टाकलेले. त्यांच्या फटींतून बोटभर मासे पळाले. श्वास रोखून खाली गेलो. पुढच्या फळीवर दादाने ठोकलेले पितळेचे ठिगळ होते. लाकूड इतके मऊ झाले होते की हात लावताच ठिगळ सुटून आले.

काठावर वहिनी शेरडे घेऊन उभी होती.

"भावोजी, ह्या वयात नळी लावून मासं धरताय व्हय? बगुळा बरा दिसंल तुमच्यापरीस!"

मी ठिगळ पुढे केले. तिने पदराने शेवाळ पुसले. काठाची वेलबुट्टी उमटली, तसे तिचे हसू मावळले.

"माज्या रुखवताची ताटली ही. त्यांनी कापून नावंला लावल्याली." ती पाण्याकडे पाहत राहिली. "मंग नाव हितंच व्हती?"

"व्हय. दादानं इकली न्हवती. मीच हितं बुडवली, आन् त्यो बोलणी खात असताना गप बसलो. वहिनी, मला माफ करा. दादाची माफी मागायची ऱ्हाऊनच गेली."