सोलापुरातली सगळ्यात शांत खोली

सोलापुरातली सगळ्यात शांत खोली माझ्या घरात आहे, आणि ती बांधून झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या दोन डझन टॉवेलांना मधोमध भांग पडला.

आमचं घर आणि आमचे चार यंत्रमाग यांच्यात एकच भिंत. पलीकडे खटाक-खटाक, अलीकडे संसार. घरच्यांना तो आवाज ऐकूच येत नाही. (पाहुण्यांना येतो. म्हणून आमच्याकडे पाहुणा दोन दिवसांवर टिकत नाही. हा फायदा मी सहसा कुणाला सांगत नाही.) त्या भिंतीत पत्र्याच्या झडपेची एक खिडकी, आणि खिडकीला लागून माझ्या वडिलांची, म्हणजे अप्पांची खाट. अप्पांचे गुडघे गेलेत, पण कान शाबूत आहेत. कुठला माग कुरकुरतोय, कुठल्या मागात आडवा धागा नेणारा धोटा अडखळतोय, हे ते पडल्या पडल्या ओळखतात आणि काठीने पत्र्यावर टोले देतात. दोन टोले म्हणजे दोन नंबरचा माग, चार टोले म्हणजे चार नंबरचा. पलीकडे आमचा विणकर इरण्णा टोले मोजतो आणि त्या मागाकडे धावतो. कित्येक वर्षं आमचा कारखाना असाच चाललाय.

तर माझी मुलगी शिवानी कापडाच्या शिक्षणात इंजिनिअर झाली. (पहिल्या वर्गात! हे मी ओळख नसलेल्या रिक्षावाल्यालाही सांगितलंय.) दूरच्या एका मोठ्या गिरणीत कापडाचा दर्जा तपासायची नोकरी होती आणि मुलाखत कॉम्प्युटरवर, घरूनच द्यायची होती. मंगळवारी सकाळी अकराला. तिला ही नोकरी मनापासून हवी होती, आणि मला तर तिच्याहून जास्त.

"ह्या आवाजात पोरगी बोलणार कशी हो?" माझी बायको महादेवी म्हणाली. "तासभर माग बंद ठेवा की!"

"माग बंद? लग्नाच्या आहेराचे टॉवेल त्याच संध्याकाळी द्यायचेत! आणि चालता माग मध्येच थांबवायचा नाही, ही अप्पांची शिस्त आहे. मी खोलीच साउंडप्रूफ करतो."

महादेवी अक्कलकोटकडची. चिडली की तिची मराठी संपते. "एन्री इदू!" म्हणजे 'काय हो हे!', एवढंच कन्नडमध्ये म्हणून ती आत गेली.

पहिल्या दिवशी मी स्वाभिमानाने काम केलं. सोलापूरकराला भिंत झाकायची तर दुसरं काय सुचणार? घरातल्या बावीस चादरी खिळे ठोकून भिंतीवर टांगल्या. आवाज तसाच! फक्त आता तो चादरीतून यायला लागला. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बघून अंड्याचे ट्रे आणले. ते उंबऱ्यातूनच परत गेले, कारण ह्या घरात अंडं कधी आलेलं नाही आणि त्याचं रिकामं घरही येणार नाही, असं महादेवीने कन्नडमध्ये सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी फोमचे पॅनेल चिकटवले. छान काळे, टोकेरी. खोली एकदम स्टुडिओसारखी दिसायला लागली, आणि माग पहिल्यासारखेच ऐकू येत राहिले.

शेवटी सुतारकाम करणारे इब्राहीमभाई आले. त्यांनी फोमवर बोट दाबलं आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

"भाऊ, हे खोलीतला घुमणारा आवाज मारतंय. बाहेरचा आवाज याला जुमानत न्हाई."

"मग त्याला कोण जुमानतं?"

"वजन! आवाज थरथरत येतो ना? भारी वस्तू थरथरायला कंटाळा करती. आता जुन्या भिंतीला न टेकता नवी चौकट उभी करायची. मधी जागा सोडायची, त्यात रॉकवूल भरायचं, दगडाची लोकर असती ती. वरनं जिप्समचे जाड बोर्ड, एकावर एक दोन. आणि फट ठेवायची न्हाई. आवाज पाण्यासारखा आहे बघा, बोटभर फट गावली की आख्खा आत येतो."

"आणि ही खिडकी?"

"ती तर फट न्हाई भाऊ, दरवाजाच आहे. बुजवा."

बुजवली. विटांनी. वर रॉकवूल, वर बोर्ड, सांध्यांत मसाला, कारखान्यात उघडणाऱ्या दाराला चहूबाजूंनी रबराची पट्टी. अप्पांची खाट पुढच्या खोलीत हलवली. सोमवारी संध्याकाळी दार लावलं आणि अहाहा! मला माझ्याच मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी शेजारच्या सात घरांतल्या लोकांना बोलावून ती शांतता दाखवली. एकाने तर चप्पल बाहेर काढली.

फक्त अप्पा खूश नव्हते. "कानात बोळं घातल्यागत वाटतंय रं. माग चालू हायती का न्हाईत तेबी कळंना."

"अप्पा, दोन दिवस आराम करा की."

"आराम करतुय. पर मागाकडं कोण बघतंय?"

"इरण्णा आहे ना!" मी म्हणालो. आणि मंगळवारी सकाळी सातला चारही माग सुरू झाले.

अकरा वाजता शिवानी कॅमेऱ्यासमोर बसली. मीही खोलीत होतो. टेबलाखाली. (शेजारच्या दाराच्या खालच्या पट्टीला एक बारीक फट दिसली होती, तिच्यावर मी टॉवेल दाबून धरला होता. बाप म्हणून एवढं करावंच लागतं.) पडद्यावर तीन माणसं होती. त्यांत एक वयस्कर मॅडम प्रश्न विचारत होत्या आणि शिवानी अशी फाडफाड उत्तरं देत होती की माझी छाती टेबलाला टेकली.

मग मॅडम हिंदीत म्हणाल्या, "तू लिहिलंयस की भिंतीपलीकडेच तुमचे माग चालतात. पण आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही."

शिवानी तोंड उघडणार, तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "साउंडप्रूफ है मॅडम! मैंने किया है!"

तो आवाज माझा होता.

शिवानीने डोळे मिटले. मी टेबलाखालून निघायला गेलो, डोकं आपटलं, आणि फोमचा एक तुकडा केसांत अडकलेल्या अवस्थेत कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. संपली नोकरी, मला वाटलं. पोरीची वर्षानुवर्षांची मेहनत मी एका वाक्यात बुडवली!

पण मॅडम हसल्या. "भिंत छानच केलीत. आता मला माग ऐकवता का?"

शिवानी दाराकडे गेली. दार हलेना! रबर घट्ट बसलं होतं. ती ओढतेय, मी ओढतोय, आणि तिघं जण बघतायत. शेवटी 'फट्' करून दार उघडलं, आम्ही दोघं मागे कोलमडलो आणि खटाक-खटाक धो-धो आत आलं.

शिवानीने मान तिरकी केली. अगदी अप्पांसारखी.

"तीन नंबर," ती म्हणाली. "धोटा लंगडतोय."

त्याच क्षणी पुढच्या खोलीतून अप्पांची आरोळी आली, "अरं तीन नंबर! तीन नंबर! आन् माझा पत्रा कुटं हाय?"

शिवानीने लॅपटॉप उचलला आणि तशीच कारखान्यात धावली, मी मागोमाग. इरण्णा तीन नंबरकडे पाठ करून निवांत उभा होता. मागावर टॉवेलाच्या मधोमध तुटलेल्या धाग्यांची लांब सरळ रेघ निघाली होती, तेल लावून विंचरल्यासारखी. सकाळपासूनचे दोन डझन तसेच!

"इरण्णा, दिसत नाही का रे?" मी ओरडलो.

"टोला पडला न्हाई की मालक! टोला न्हाई म्हंजे समदं ठीक हाय."

शिवानीने माग थांबवला. चालता माग, मध्येच! धोट्याची पेटी कशी ढिली झाली, धोटा कुठे ठेचकाळत होता, धागे का तुटले, हे तिने पाच मिनिटांत कॅमेऱ्यात दाखवून सांगितलं. मॅडमनी विचारलं, "हे कुठल्या वर्षाला शिकवतात?"

"हे आजोबांनी शिकवलं," शिवानी म्हणाली. "खाटेवरून."

अप्पा भिंत धरधरून दारापर्यंत आले होते, त्यांनी सगळं ऐकलं. काठीने उंबऱ्यावर तीन टोले दिले फक्त. नोकरी तिला त्याच आठवड्यात मिळाली.

आहेराचे टॉवेल आम्ही दोन दिवसांची मुदत मागून, रात्रंदिवस खपून पुन्हा विणले. अप्पांची खाट कारखान्याच्या दारात गेली आणि त्यांना नवा पत्रा मिळाला. शांत खोली तशीच आहे. रोज दुपारी महादेवी तिच्यात जाते, दार लावते आणि शिवानीशी फोनवर तासभर बोलते. विषय बहुधा मीच असतो, कारण बाहेर येते तेव्हा दोघींचं हसणं तिच्या चेहऱ्यावर उरलेलं असतं.

परवा मी दाराला कान लावून उभा होतो. अप्पांनी खाटेवरून विचारलं, "काय ऐकू येतंय का रं?"

"काही नाही."

"मग भिताड झ्याक केलंस बघ," अप्पा म्हणाले. आयुष्यात त्यांनी माझ्या कामाचं कौतुक केलं ते एवढंच.